सहा पत्र्यांची खिंड

१

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मुरब्याच्या खाडीवरच्या खड्ड्यात पाणी शिरलं. त्याच वेळी बोईसरच्या ऑफिसात, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, त्या खड्ड्याला आडोसा देणारी भिंत 'पूर्ण' म्हणून हिरवीगार झळकत होती.

खड्डा साधासुधा नव्हता. कंपनीच्या नव्या कारखान्यासाठी समुद्राचं पाणी ओढणारं पंपघर तिथं उभं राहायचं होतं. त्यासाठी खाडीच्या कडेला उभे लोखंडी पत्रे एकात एक अडकवून चिखलात खोल ठोकले होते. एकशे चाळीस पत्रे बसले की भिंत पुरी. भिंत पुरी झाली की आतलं पाणी उपसायचं आणि मग माणसं खाली उतरवायची, असा क्रम. पाणी उपसलं, माणसं उतरली, पण भिंत पुरी झालेली नव्हती. भिंत जिथं वळते त्या बाकाच्या पलीकडे सहा पत्र्यांची खिंड राहिली होती आणि तिथं नुसत्या मातीच्या गोण्या रचल्या होत्या. चढत्या भरतीनं त्या ढकलून दिल्या. नऊ माणसं शिडीवरून वर आली. दहावा, विक्रमगडकडच्या पाड्यावरचा जिव्या, गोण्यांखाली सापडला. जिवंत निघाला, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडून.

भिंत पुरी झाल्याचं कोणी लिहिलं, एवढा एकच प्रश्न संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. उत्तर सिस्टममध्ये छापलेलंच होतं. नोंद प्रियंकाच्या नावानं, मंगळवार, संध्याकाळी पाच चाळीस.

प्रकल्पप्रमुख राऊळ साहेबांनी वर्षाराणीला केबिनमध्ये बोलावलं. वर्षाराणी या प्रकल्पाची प्रोजेक्ट कंट्रोल्स मॅनेजर. कराडला तिच्या आईला हे पद कधी नीट समजलं नाही, म्हणून ती सांगायची, "अगं, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, किती झालं, किती राहिलं आणि कोण थापा मारतंय, ते बघायचं." यातलं शेवटचं तिला सगळ्यांत चांगलं जमायचं.

"सोमवारी हेड ऑफिसची माणसं येतायत," राऊळ म्हणाले. "त्याआधी मला तपास पूर्ण हवा. तुम्हीच करा."

"मी? प्रियंका माझ्याच हाताखालची आहे, सर."

"म्हणूनच. तुमच्याकडचा केदार म्हणाला, वर्षाताईंइतकी ही सिस्टम कोणालाच कळत नाही. मलाही पटलं."

केबिनमधून बाहेर पडताना वर्षाराणीला जिव्यासाठी वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसा एक गारवा तिच्या छातीत पसरला होता. प्रियंका अडकली होती. मग तिला बुधवारची संध्याकाळ आठवली आणि ती आठवण तिनं घाईघाईनं झाकून टाकली.

२

प्रियंका तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आली तेव्हा तिला कामांची साखळी कशी लावतात हेही धड येत नव्हतं. वर्षाराणीनं शिकवलं. साइटवर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि कोणाचा शब्द जाऊन मोजून घ्यायचा, हेसुद्धा शिकवलं. पोरीनं सगळं उचललं आणि वर आणखी स्वतःचं घातलं. मजूर तिच्याशी हसून बोलायचे. राऊळ साहेब बैठकीत "प्रियंका, तुझं काय मत?" असं विचारायचे आणि मग आठवल्यासारखं, "आणि वर्षाराणी, तुमचं?" या 'आणि'नं वर्षाराणीच्या पोटात दुखायचं. गुजरातच्या किनाऱ्यावर कंपनीचा याच्या तिप्पट मोठा प्रकल्प येत होता. तिथल्या कंट्रोल्सच्या प्रमुखपदासाठी दोन नावं गेली होती. एक सात वर्षं वाट पाहणारं आणि एक तीन वर्षांपूर्वी आलेलं.

गुरुवारच्या त्या संध्याकाळी प्रियंका समोर बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तरी चांगलीच दिसत होती. वर्षाराणीला त्याचाही राग आला.

"मी सहा बाकी लिहिलं होतं, मॅडम. मापाच्या कागदावरही आणि सिस्टममध्येही."

"कागद कुठाय?"

"ऑफिसात, प्रणवच्या ट्रेमध्ये ठेवला होता."

ट्रे रिकामा होता, हे वर्षाराणीनं आधीच पाहिलं होतं. "आणि फोटो?"

"तीन काढले. खिंडीचेच. साइटच्या कॅमेऱ्यानं."

साइटचा कॅमेरा सगळ्यांत मिळून एकच. फोटो सिस्टममध्ये चढवले की लगेच कॅमेरा पुसून पुढच्या माणसाला द्यायचा, अशी इथली पद्धत. सिस्टममध्ये आता एकच फोटो होता. होडीतून, पाण्यालगत काढलेला. सरळ भिंत बाकापर्यंत गेलेली. खिंड बाकाच्या पलीकडे, म्हणजे फोटोत दिसायचा प्रश्नच नाही. पत्र्यांवर वरच्या बाजूला रंगवलेल्या लाल पट्ट्याला पाणी टेकलेलं. खाली ओळ होती, 'मंगळवार, दुपारी बारा.'

"ही ओळ तुझी ना?"

"ओळ माझीच आहे. फोटो माझा नाही."

"म्हणजे कोणीतरी तुझ्या नावानं आत शिरलं, आकडा बदलला, फोटो बदलला, कागद पळवला. असं म्हणायचंय तुला?" आपल्या आवाजातला चिमटा वर्षाराणीला स्वतःलाच ऐकू आला. "तुझा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

प्रियंकानं मान खाली घातली. "मागच्या आठवड्यात बहिणीच्या साखरपुड्याला गेले, तेव्हा काम अडू नये म्हणून सांगून गेले होते. केदार सरांना आणि प्रणवला." मग मान वर करून म्हणाली, "आणि तुम्हाला, मॅडम."

३

शुक्रवारी सकाळी वर्षाराणी रुग्णालयात गेली. जिव्याच्या पायाला वजनं टांगलेली होती. त्याची बायको नवसी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती.

"पानी कसं आलं, जिव्या?"

"हलू हलू," तो म्हणाला. "आदी गोनी सरकली, मंग पानी. गुडघ्यावर आलं आन् तितंच थांबलं. मोठं पानी असतं तं मी आज नसतो, बाई."

"त्याला चालता येल ना?" नवसीनं विचारलं. "आमची नाचनीची जमीन डोंगरावर हाय. तिथं पायानंच जावं लागतं."

डॉक्टर सांगतील, असं काहीतरी वर्षाराणी पुटपुटली आणि बाहेर आली.

शनिवारी तिनं एकेकाला बोलावलं. पहिला दिग्विजय, बांधकामाचा मॅनेजर. उंच, दणकट, साइटवर त्याचा शब्द खाली पडत नसे. आज मात्र खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"पडद्यावर हिरवं दिसलं म्हणून मी पंप लावले," तो म्हणाला. "तीन आठवडे त्या भिंतीपायी शिव्या खातोय मी. पूर्ण लिहिल्यावर बाक वळून बघायला कोण जातं? जायला पाहिजे होतं. ते माझ्या माथी मारा, मी नाही म्हणणार नाही. पण आकडा मी लिहिला नाही. तुमच्या सिस्टममध्ये शिरायचं कसं, तेही मला ठाऊक नाही."

घाई मात्र सगळ्यांत जास्त त्यालाच होती, हे वर्षाराणीनं टिपून ठेवलं.

मग प्रणव, कागदपत्रं सांभाळणारा. सडपातळ, बोलताना चष्मा पुसायची सवय. "कागद मंगळवारी पाच वाजता माझ्या ट्रेमध्ये होता, मॅडम. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. सव्वापाचला मी पालघरची गाडी पकडायला निघालो. बुधवारी सकाळी बघतो तर नाही. म्हटलं, तुम्ही नेला असेल."

"खाडीवर कधी गेला होतास?"

"नाही. मला पाण्याची भीती वाटते." तो ओशाळला. "होडीत तर मी मेलो तरी बसणार नाही."

शेवटी केदार. बारा वर्षं नोकरी झालेला, जळगावकडचा, वर्षाराणीचा जुना सहकारी; खाडीवरची मापं तो आणि प्रियंका आळीपाळीनं घ्यायचे. दुपारचा डबा दोघं रोज एकत्र खायचे. प्रियंकाविषयी मनातलं बोलावं असा तिला एकच माणूस होता, आणि केदारही त्यात हात आखडता घ्यायचा नाही. पोरीची बढती झाली तेव्हा दोघांनी मिळून महिनाभर नाकं मुरडली होती. त्या बढतीनं प्रियंका केदारच्या वर गेली होती.

"माझ्याकडे पासवर्ड होता, ताई, लपवत नाही," तो म्हणाला. "पण मंगळवारी खाडीवरची पाळी तिची होती. फोटो तिच्याच वेळेचा, ओळ तिचीच. तुम्हाला गुजरातचं पद मिळू नये म्हणून आकडा फुगवून दाखवायचा मोह झाला असेल. वय आहे. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. जे दिसतंय ते लिहून द्या आणि मोकळ्या व्हा."

जे दिसत होतं ते सोयीचं होतं. वर्षाराणीनं कॉम्प्युटर उघडला आणि अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं. 'सदर नोंद प्रियंका आहेर यांनीच केल्याचे दिसून येते.' दुसरं वाक्य मात्र काही केल्या उतरेना.

४

उतरेना, कारण मध्ये बुधवारची संध्याकाळ आडवी येत होती. आता ती झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता.

दर बुधवारी वर्षाराणी सगळे आकडे एकदा नजरेखालून घालायची. तशी गरज नसे. नोंद आणि फोटो दोन्ही असले की रात्रीतून काम आपोआप हिरवं व्हायचं. पण तिची सवय होती. त्या बुधवारी भिंतीच्या ओळीवर तिची नजर थांबली. मागच्या मंगळवारी एकशे अठ्ठावीस पत्रे. या मंगळवारी एकशे चाळीस. म्हणजे आठवड्यात बारा. खाडीवर पत्रे ठोकायचा हातोडा एकच आणि त्या हातोड्यानं आठवड्याला सहाच पत्रे बसत होते. महिनोन्महिने सहाच बसत आले होते.

आकडा खोटा आहे हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. एक फोन पुरला असता. पण नोंदीपुढचं नाव वाचून तिनं फोन खाली ठेवला. गुरुवारी संध्याकाळी पाचला आढाव्याची बैठक होती, राऊळ साहेब आणि झाडून सगळे. तिथं विचारायचं वाक्य तिनं घरी भाकरी थापताना मनाशी घोकून ठेवलं होतं. 'प्रियंका, एका हातोड्यानं बारा पत्रे कसे बसवलेस, ते जरा आम्हालाही शिकव.'

बैठक झालीच नाही. पाणी दोन तास आधी आलं.

हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणाला कळायचं कारणही नव्हतं. अहवाल प्रियंकावर संपला असता तर बुधवार तिच्यापाशीच राहिला असता.

रविवारी सकाळी सरावलीच्या तिच्या घरासमोर पाटी उतरवून सुगंधानं हाक दिली. सुगंधा मुरब्याची, दर दोन-तीन दिवसांनी मासे घेऊन यायची. यावेळी आठवडाभर फिरकली नव्हती.

"कुठं होतीस इतके दिवस?"

"भांग होता ना, बाय," सुगंधा बोंबील निवडत म्हणाली. "पानी मरतं तवा जाळ्यात काय घावतं? आमच्या होड्या मंगळवारपासनं बांधलेल्या. कालधरून पानी वाढाया लागलंय. हा आज पयला ताजा म्हावरा."

"भांग म्हणजे?"

सुगंधानं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "एवढी शिकलेली तू, आन् खाडीवर काम करतेस. पुनवेला न् आवशेला उधाण. तवा पानी लय चढतं. मधी सातमी-आटमीला भांग. पानी चढत बी नाय न् उतरत बी नाय, अर्ध्यातच रेंगाळतं. तीथ घे, तिची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती. पुनवेला पंधरा, मंजी सव्वाअकरा. बारापर्यंत पानी तुडुंब."

"आणि या मंगळवारी?"

"सातमी. सात पाऊण सव्वापाच. बारा वाजता चिखूल." सुगंधानं वाटा पुढे सरकवला. "त्याच्या आदल्या मंगळवारी माघी पुनव हुती. तवा बघायचं हुतं पानी."

वर्षाराणी बोंबलांचा वाटा हातात धरून तशीच उभी राहिली. जिव्या म्हणाला होता, पाणी गुडघ्यावर येऊन थांबलं. आणि त्या फोटोत, मंगळवारी दुपारी बारा वाजता, पाणी लाल पट्ट्याला टेकलं होतं.

५

तासाभरात ती खाडीवर होती. कंपनीची होडी चालवणारा चिंधू बांधावर बसून दोर गुंडाळत होता. म्हातारा, मुरब्याचाच, बोलायला कंजूष.

"चिंधूमामा, या मंगळवारी दुपारी प्रियंका ताईंना होडीतून नेलं होतं?"

"कशी नेनार? होडी चिखलात बसलेली. बाय बांधावरनं चालत गेली, चपला हातात घेऊन. खिंडीपातूर गेली. पत्र्यांना हात लावून मोजत हुती, पोरं मोजतात तसं."

"आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

"पुनवेला? तवा होडी सोडली हुती. केदार साहेब एकटे. घाबरत हुते, होडीच्या मधी कड पकडून बसले. फोटू काडत हुते."

"साइटच्या कॅमेऱ्यानं?"

"आपल्या मोबायलनं. कॅमेरा गळ्यात हुता, पन पान्यात पडंल म्हनून काडला नाय. बांधावर आल्यावर मंग तीन फोटू कॅमेऱ्यानं काडले."

"आणि त्याच्याही आधी, अमावास्येच्या उधाणाला?"

चिंधूनं हनुवटीनं बाकाकडे दाखवलं. "तवा भिंत बाकाला लागलीच नव्हती." म्हणजे बाकापर्यंतची भिंत आणि लाल पट्ट्याला टेकलेलं पाणी एकाच फोटोत यायचं, तर ते पौर्णिमेच्या उधाणातच.

ऑफिसात येऊन तिनं केदारनं पौर्णिमेच्या मंगळवारी नोंदवलेले तीन फोटो काढले. बांधावरून काढलेले, पाणी लाल पट्ट्याला. भिंतीच्या चौथ्या टप्प्यावर कोणा मजुराचा निळा शर्ट वाळत पडलेला, एक बाही खाली लोंबणारी. मग तिनं प्रियंकाच्या नावावरचा फोटो शेजारी लावला. होडीतून काढलेला. तोच शर्ट, तीच बाही.

ती खुर्चीत मागे टेकली. तिला प्रियंका सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर एक क्षण तिला वाटलं, फोटोंची ही जोडी आपल्याखेरीज कोणी लावलेली नाही, आणि लावणारही नाही. चिंधूला कोणी विचारणार नाही. सुगंधाला तर नाहीच. पडद्यावरची ती खिडकी बंद करायला एक बोट पुरेसं होतं.

बोट तिथंच राहिलं. मग तिनं अहवालाचं ते एकुलतं एक वाक्य पुसलं.

६

सोमवारी अकरा वाजता बैठक भरली. टेबलाच्या वरच्या बाजूला राऊळ आणि हेड ऑफिसचे दोघं, खाली दिग्विजय, प्रणव, केदार आणि टोकाला, सगळ्यांपासून एक खुर्ची सोडून, प्रियंका.

"मंगळवारी प्रियंकानं खिंड मोजली," वर्षाराणीनं सुरुवात केली. "सहा बाकी लिहिलं, तीन फोटो चढवले, कागद ट्रेमध्ये ठेवला. पाच वाजता कागद तिथं होता, हे प्रणव सांगतोय. पाच चाळीसला कोणीतरी तिच्या नावानं आत शिरून सहाचं शून्य केलं, कागदही उचलला. पण फोटो खिंडीचे होते, ते ठेवून चालणार नव्हतं. त्या जागी खिंड न दिसणारा फोटो हवा होता. तो त्या माणसाकडे एकच होता. त्यानं वरचं चित्र बदललं आणि खालची ओळ तशीच ठेवली. मंगळवार, दुपारी बारा."

तिनं दोन्ही फोटो पडद्यावर लावले आणि भरतीचं गणित सांगितलं. हेड ऑफिसच्या एकानं मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून पाहिलं आणि मान हलवली.

"पासवर्ड तिघांकडे होता. प्रणव आयुष्यात होडीत बसलेला नाही. मी त्या पौर्णिमेला दिवसभर याच खोलीत होते, राऊळ सरांसमोर. होडीत एकच माणूस होता, आणि फोटो त्याच्या स्वतःच्या मोबाइलचा होता."

कोणी केदारकडे बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही. त्याच्या हातातलं पेन टेबलावर टकटक करत होतं, ते थांबलं.

"आकडाच होता तो," केदार म्हणाला. "गुरुवारी पाचला बैठक होती. तिथं उघडा पडला असता, तिची नाचक्की झाली असती, शुक्रवारी दुरुस्त केला असता. एवढंच. माणसं उतरतील असं मला... बारा वर्षं आकडे भरतोय मी. आकड्यावरून कोणी पाण्यात उतरतं, असं डोक्यातच आलं नाही."

"आमच्याकडे आकड्यावरूनच उतरतात," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला.

केदारनं वर्षाराणीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तपास तुमच्याकडे यावा म्हणून मीच साहेबांना सांगितलं, ताई. मला वाटलं, तुम्ही तिच्यासाठी खोदणार नाही. रोज डब्याला आपण काय बोलायचो ते विसरलात?"

ती विसरली नव्हती. खोलीतले सगळे आता तिच्याकडे बघत होते आणि त्यांत प्रियंकाही होती.

राऊळ साहेबांनी फाइल मिटायला घेतली. "छान काम केलंत, वर्षाराणी. म्हणजे विषय संपला."

"नाही संपला, सर."

फाइल तशीच अर्धी उघडी राहिली.

"बुधवारी संध्याकाळी मी हा आकडा बघितला होता. आठवड्याला सहा पत्रे बसतात आणि इथं बारा बसले होते. खोटा आहे हे मला कळलं. समोर प्रियंकाचं नाव होतं म्हणून मी गप्प बसले. बैठकीत तिला सगळ्यांसमोर विचारायचं होतं मला." तिचा आवाज आता स्थिर होता. "मी आणि केदार एकाच बैठकीची वाट बघत होतो. त्यानं आकडा लिहिला. मी तो राहू दिला. जिव्या दोघांमुळे पडला."

हेड ऑफिसचा माणूस घसा साफ करत म्हणाला, "हे रेकॉर्डवर घ्यावं लागेल, मॅडम."

"घ्या," ती म्हणाली. "म्हणूनच सांगितलं."

७

केदारवर त्याच दिवशी कारवाई सुरू झाली आणि पोलिसांत तक्रारही गेली. गुजरातच्या यादीत आता एकच नाव उरलं. वर्षाराणीला चौकशी संपेपर्यंत मोठ्या खुर्चीवरून उतरवून साइटच्या मापांवर ठेवलं. चौकशीत पुढे काय होईल ते कोणी सांगत नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. त्याआधी ती रुग्णालयात जाऊन आली. नवसीला तिनं सगळं सांगितलं, बुधवारसकट. नवसीनं ते जिव्याच्या पायाकडे बघत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला ठावं हुतं, न् तुमी बोलल्या नाय." बस, तेवढंच.

पुढच्या मंगळवारी मापाला दोघींनी जायचं होतं. हा नवा नियम प्रियंकानंच घातला होता. दोन जोडी डोळ्यांनी जाऊन बघितल्याशिवाय काहीही हिरवं होणार नाही. अमावास्येचं उधाण जवळ आलेलं. भर ओहोटीची वेळ साधून दोघी चपला हातात घेऊन बांधावरून निघाल्या. चिखल पायांना गार लागत होता.

खिंडीपाशी प्रियंका थांबली. "मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"बुधवारी तुम्ही मला एक फोन केला असता, तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं की हा आकडा माझा नाही. दिग्विजय सरांना थांबवलं असतं. जिव्या आज इथं पत्रा धरून उभा असता." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त क्रम लावत होती, आधी हे, मग ते, वर्षाराणीनं शिकवला होता तसाच. "इतकी वाईट होते का मी?"

"नाही," वर्षाराणी म्हणाली. "चांगली होतीस. तेच सहन झालं नाही."

प्रियंकानं मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. तिनं पाटीवर कागद लावला आणि पेन उघडलं. "मोजा तुम्ही. मी लिहिते."

हातोडा अपघातापासून बंद होता, त्यामुळे मोजण्यासारखं फार नव्हतं. तरी वर्षाराणी खिंडीच्या कडेला गेली आणि बसलेल्या शेवटच्या पत्र्यावर तळहात टेकवून, पुढच्या मोकळ्या जागा बोटानं दाखवत तिनं एकेक मोजली, पोरं मोजतात तशी.

"सहा," ती म्हणाली.

"सहा बाकी," प्रियंकानं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

वर्षाराणीनं सही केली. करता करता तिची नजर वरच्या ओळींवर गेली. पोरीचं अक्षरही तिच्याहून चांगलं होतं.